बिनबैलाचा पोळा

जगदेव: बाई, बैलं तहानेले हायत. धनजहून निंगालो तं वाटेत एकडावच पानी पाजलं. आंधी कोठ्यात बांधू दे, मंग तुले काय बोलाचं ते बोल.

कस्तुराबाई: पानी पाज ना बापू, विहीर सामोरच हाय. पन कोठ्यात नको बांधू. फाटकाच्या आतच नको आनू. तिथं लिंबाखाली उभे कर.

जगदेव: हे काय नवीन? भाऊजीचा निरोप घेऊन इंद्रभानभाऊ सोता आलते धनजले. म्हने यंदाच्या शंकरपटासाठी पाटलाले शर्यतीची जोडी पायजे, अन् ते साळ्याच्या घरची असन तं दुधात साखर. घरच्या गाईचे गोऱ्हे हे, लहानाचे मोठे केले, अन् घेऊन आलो. तं सख्खी बहीन दारात अडवून राह्यली.

कस्तुराबाई: यंदाच्या पटासाठी. असं म्हनला का इंद्रभान?

जगदेव: हाव. म्हने मांगच्या पटाचा डाग धुवाचा हाय. तांड्याच्या लोकायनं ढोराचा रोग आनला अन् नाव पाटलाचं बदनाम झालं. आता असा पट भरवू का लोक मांगचं सारं इसरतीन.

कस्तुराबाई: तांड्याच्या लोकायनं आनला. धनजपर्यंत असंच पोचलं म्हना.

जगदेव: मंग कसं पोचाचं होतं?

कस्तुराबाई: बस त्या दगडावर. हे वावराकडे गेले हायत, येतीन घडीभरानं. त्यायच्या आंधी तू माह्या तोंडून आयक. मंग बैलं कुठी बांधाचे ते तुहं तू ठरव.

जगदेव: सांग. पन लय फिरवून नको सांगू. मले आज परत निंगाचं हाय, हरभऱ्याची पेरनी खोळंबली.

कस्तुराबाई: हरभऱ्याचीच गोठ हाय बापू, शेवटी तिथंच येईन मी. पटाचं तुले माहीतच हाय. सासऱ्यायनं सुरू केला तवा आजूबाजूच्या पाच-सात गावच्या जोड्या पयत. यायच्या हाती पाटीलकी आली अन् पट फुगला. इंझोरी, मानोरा, कारंजा, पार पुसदाकडून जोड्या येत. अन् यायचे पाखऱ्या अन् चित्तर कोनाले हारत नोते. मी खोटं नाही बोलन, बैलं होतेच तसे. पाखऱ्या तं माह्या हातची भाकर खाल्ल्याबिगर सरकीच्या ढेपीले तोंड नाही लावे. पन पये बैल अन् नाव होय पाटलाचं. अन् त्या नावापाशी इंद्रभान बसून राहे.

जगदेव: चुलतभाऊ हाय त्यायचा. बसनारच.

कस्तुराबाई: सोताच्या वावराचा धुरा त्यानं कधी पाह्यला नाही, पन यायच्या ओट्यावर सकाळच्या चहाले रोज हजर. हे शिंकले तरी म्हने वाघ डरकला. त्याच्या मांगं अजून चार-सहा जन. एकानं म्हनाचं पाटील, असा पट भोसल्याच्या राज्यात नाही भरला, का दुसऱ्यानं म्हनाचं, भोसल्यापाशी पाखऱ्या कुठी होता. आंधी हे हसत. मले म्हनत, पाह्य कसे चढवून राह्यले मले. मंग हसनं बंद झालं, नुसती मान डोलवत. अन् एक दिवस इंद्रभान आला नाही तं यायचं ध्यान सारखं फाटकाकडे. ज्याचं त्याले बरं लागते बापू. गूळ कोनाले कडू लागते? पन पाटलाच्या तोंडाले गूळ लागला का सारं गाव मुंग्याच्या तोंडी जाते.

जगदेव: बरं. अन् रोग?

कस्तुराबाई: पौष लागला होता. पटाची जागा साफ करनं सुरू होतं, पताका शिवून राह्यलते. हेमसिंग आला, तांड्याचा नाईक. तांडा आपल्या गायरानाच्या कडेले सासऱ्याच्या काळापासून. गाई पाळत, गोऱ्हे इकत, साऱ्या गावाची बैलं त्यायच्याच हातची. तो पैनगंगेच्या पल्याड निजामाच्या मोगलाईत ढोरं घ्याले गेलता अन् रिकाम्या हातानं आला. ओट्याखाली उभा राहून सांगतलं का तिकडे बुळकांडी हाय. ढोराच्या डोयातून पानी गळते, तोंडात फोडं येतात, हगवन लागते अन् आठवड्यात बैल आडवा. घेतलेलं सारं तिथंच सोडून आलो म्हने, आपल्या गावात नको. अन् मंग म्हनला, पाटील, यंदा पट भरवू नका. गावोगावची बैलं एका जागी येतीन, एका हौदावर पानी पेतीन.

जगदेव: मंग हे काय म्हनले?

कस्तुराबाई: आंधी आयकलं त्यायनं. मी दारामांगं होती. मी पाह्यलं, त्यायनं पान चावनं थांबवलं. म्हनले, बस नाईक, नीट सांग. दोन घडी गेल्या असत्या तं यायनं पट थांबवलाच असता. तेवढ्यात इंद्रभान हसला. म्हने, मांगच्या साली पाखऱ्यानं नाईकाच्या गोऱ्ह्याले हरवलं, तवापासून नाईकाचं पोट दुखून राह्यलं, त्याच्यावर काही दवाई हाय का पाहा. सारा ओटा हसला. अन् सारे हसले म्हनून हेही हसले. हेमसिंग उठला. राम राम करून गेला.

जगदेव: पन बाई, नाईकाच्या एका शब्दावर पट कसा बंद करनार? न्योते गेले असतीन.

कस्तुराबाई: एकाच्या शब्दावर नको करू. मंग वाशीमहून ढोराचा सरकारी डाक्तर आला. संग पेटी, टोचणीच्या सुया. त्यानंही तेच सांगतलं का जमाव नको, अन् गावातल्या ढोरायले टोचणी करून घ्या. यायनं त्याले खुर्ची देल्ली, चहा देल्ला. इंद्रभान म्हने, साहेब, टोचलं का बैलाची चाल जाते, आमाले माहीत हाय कोन धाडलं तुमाले. पुसदवाल्यायनं धाडलं असन, पाखऱ्या पयला नाही पायजे म्हनून. डाक्तर तरना होता, लाल झाला. यायच्याकडे पाहून म्हनला, पाटील, तुमचं काय म्हननं हाय? हे म्हनले, आमच्या कोठ्यात महादेवाचा नंदी बांधला हाय, त्याच्या सावलीले रोग उभा राहात नाही. हे वाक्य यायचं नोतं, बापू. आदल्याच दिवशी इंद्रभान ओट्यावर हेच बोलला होता. दुसऱ्याचं उष्टं बोलनं पाटलाच्या तोंडात. मले दारामांगं उभं राहनं नको झालं.

जगदेव: आमच्या गावी आलता तो डाक्तर. आमी टोचून घेतलं. चाल-गिल काही गेली नाही.

कस्तुराबाई: म्हनून तुहे बैलं उभे हायत.

जगदेव: अन् तू? तू काही बोलली नाही?

कस्तुराबाई: बोलली ना. जेवाले बसले तवा वाढता वाढता बोलली. म्हनलं, एक साल पट नाही झाला तं गावाचं काय अडते? सनवार थोडीच हाय ते. त्यायनं ताट सरकवलं नाही, रागावले नाही. भाकर मोडली अन् म्हनले, कस्तुरा, पट बंद केला तं लोक म्हनतीन मारोतराव पाटील भेला. म्हनलं, कोन लोक? ओट्यावरचे सहा का गावातले सारे? तं म्हनले, बायकायनं पटातलं बोलू नये. एवढ्यावर झालं ते.

जगदेव: तं पट झाला.

कस्तुराबाई: झाला. असा झाला का आजवर नाही. बंड्या अन् छकड्यायनं गावाबाहेरचं आखर भरून गेलं. मानोऱ्याच्या सैफुद्दीनसेठनं कपड्याचं दुकान लावलं, हलवाई आले, पाळना आला. अन् मोगलाईतून एक वतनदार आला, जोडी घेऊन. इंद्रभाननं बलावला होता त्याले. पाटलाची कीर्ती पैनगंगा ओलांडून गेली, असं सांगता यावं म्हनून. जिथं रोग हाय म्हनून दोघंजन सांगून गेले, तिथूनच पाहुना आनला.

जगदेव: अन् त्याची जोडी बिमार होती?

कस्तुराबाई: उजवीकडचा बैल. खाली मान, डोयाले धारा, तोंडाले फेस. त्याले हाकनारा धुरकरी फेस पुसून पुसून थकला होता. हेमसिंग तिथं होता. त्यानं पाह्यलं अन् मानसायच्या गर्दीतून सरळ यायच्या सामोर आला. हात जोडले. त्यानं जे म्हनलं ते मी आयकलं, माह्यासंग गावच्या पन्नास बायायनं आयकलं. ‘पाटील, हे जोडी पटात नका घेऊ. हौदावर तं जाऊच नका देऊ. मले गावाबाहेर काढा, पन या बैलाले आंधी काढा.’

जगदेव: भर पटात म्हनला?

कस्तुराबाई: भर पटात. अन् वतनदाराचं तोंड पडलं. म्हने, पाटील, तुमच्या इथं पाहुन्याची हे इज्जत? इंद्रभान यायच्या कानाशी लागला. अन् मंग यायनं जे केलं ते मी जनमभर नाही इसरनार. उठले, त्या बिमार बैलाच्या कासऱ्याले सोता हात घातला, अन् आपल्या हौदावर नेऊन साऱ्यात पह्यलं पानी त्याले पाजलं. पाखऱ्याच्याही आंधी. लोकायनं टाळ्या वाजवल्या. म्हने पाटलाचं काळीज पाहा. दिवसभर साऱ्या जोड्या त्याच हौदावर पानी पेल्या. पाखऱ्या-चित्तर जितले. गुलाल उधळला. अन् सांजीले पटाले आलेली एकेक जोडी आपापल्या गावी गेली. पाहुन्याले शिदोरी बांधून द्यावी, तसा आमी रोग बांधून देल्ला.

जगदेव: आमच्या गावचा चांद आलता त्या पटाले.

कस्तुराबाई: कोन चांद?

जगदेव: बंडीवाला. धनज ते कारंजा बंडी चालवे. पटात पयवाले नोती त्याची जोडी, मानसं घेऊन आलता तो. परत गेल्यावर आठ-दहा दिवसात दोन्ही बैल गेले. त्यायले टोचणी नोती झाली, तो बंडी घेऊन बाहेर होता. आता कारंज्याच्या कापसाच्या जिनात गठानी उचलते. मी त्याले म्हनलं, काय करतं चांदभाई, वरच्याची मर्जी. मी म्हनलं असं त्याले. अन् मंग म्हनलं का हे तांड्यावाल्यायचं काम हाय.

कस्तुराबाई: तुले कसं ठाऊक असनार.

जगदेव: नाही, पन म्हनलं मी. तू सांग सामोरचं.

कस्तुराबाई: सामोर काय. पाखऱ्यानं रवंथ बंद केलं. भाकर पुढे केली तं नुसती हुंगली. हे दिवसरात्र कोठ्यात, मांडीवर त्याचं डोकं. कडुनिंबाचा पाला, हळद, तूप, जे कोनी सांगन ते केलं. डाक्तरासाठी घोडं धाडलं. डाक्तर आलाही, राग न धरता आला. म्हनला आता टोचून काय उपेग, जे उभे हायत त्यायले टोचतो. आंधी चित्तर गेला, अन् पाखऱ्या गेला तवा हे रडले. आवाज काढून रडले. लग्नाले एवढी वर्सं झाली, पन पाटलाले रडताना मी पह्यल्यांदा पाह्यलं. अन् खरं सांगू? मले बरं वाटलं. वाटलं, आता मानूस जागं झालं. आता उठतीन अन् गावाले म्हनतीन का माहं चुकलं.

जगदेव: नाही म्हनले.

कस्तुराबाई: म्हनू देल्लं नाही. इंद्रभान येऊन बसला पाशी. त्यानं पाह्यलं का पाटील रडून राह्यले, म्हनजे आता पाटील इचार करतीन. अन् पाटलानं इचार केला तं त्याचा चहा बंद. हळूच म्हनला, पाटील, भर पटात हात जोडून काय बोलला तो नाईक? मले गावाबाहेर काढा म्हनला. हे बोलनं नोतं, करनी होती. रोग त्याच्याच ढोरायनं आनला, अन् आपल्याले आंधीच ठाऊक असल्याचं दाखवलं. यायनं डोये पुसले. दुःखाले कोनीतरी गुन्हेगार पायजे होता, तो भेटला.

जगदेव: पन तांड्याची ढोरं तं...

कस्तुराबाई: तांड्याची ढोरं साऱ्यायच्या मांगून मेली. गावातली मेली तवा तांड्यात एकही बिमार नोतं. हेमसिंगनं आपली ढोरं महिनाभर जंगलाकडे वेगळी ठेवलती. गावाच्या पान्यावर आनली नाही. मंग जंगलातला नाला आटला, त्याले यावंच लागलं, अन् मंग त्याचंही दावन रिकामं झालं. हे साऱ्या गावाले माहीत. ओट्यालेही माहीत. तरी चैताच्या उन्हात कोतवाल धाडला यायनं. गायरान खाली करा.

जगदेव: अन् लोक काही बोलले नाही?

कस्तुराबाई: कोन बोलन? ज्याच्या घरी बैल मेला तो आपल्या दुःखात. तांडा निंगाला. आंधी बैलाच्या पाठीवर सामान लादून फिरनारी जात ते, आता पाठीवर लादाले बैलच नाही. बाया डोक्यावर चूल, चक्की, पोरं घेऊन चालल्या. हेमसिंगचा बाप रूपला, नव्वदीचा म्हातारा, त्याले खाटेवर उचललं. मानोऱ्याच्या अल्याडच त्याचा जीव गेला. जाताना हेमसिंग चावडीसामोर थांबला. वरडला नाही, रडला नाही. म्हनला, ‘पाटील, मी रोग नाही आनला. खबर आनली होती.’ तेवढंच. त्याची बायको, धनीबाई, माह्या तिन्ही बाळंतपनात डिंक घेऊन आलती ते. मी मांगच्या दारानं धावली. भाकरी बांधून नेल्या. तिनं घेतल्या नाही. माह्याकडे नीट पाह्यलं अन् म्हनली, बाई, तुमच्या घरचं पानी आमाले लय महाग पडलं.

जगदेव: हे तं अन्याव झाला, बाई.

कस्तुराबाई: अन्याव म्हनतं? अन्याव लहान शब्द हाय. मानमोडीचा ताप आला त्या सालात मानसं गेली, पन ढोरं राह्यली होती, वावरं पिकली. यंदा उलटं झालं. मिरुग आला अन् गावात नांगराले बैल नाही. यायनं उमरखेडच्या बाजारातून नवी जोडी आनली, आपली वावरं पेरली. मी म्हनलं, गावाले फिरवून द्या. म्हनले, पाटलाचे बैल भाड्यानं नाही हिंडत. मंग लोकायनं काय करावं? सोता जुपले. बाप अन् पोरगा जुवाखाली, माय मांगं तिफन धरून. ती सोजरबाई, नवरा गेलेली बिचारी मुंडी, पोरगा मजुरीले बाहेरगावी, घरी ती अन् सून. त्या दोघी तिफनीले जुपल्या. सुनेले दिवस होते. आता नाही. तिची जोडी पटाले गेलतीही नाही बापू. पट पाहालेही गेलती नाही ती. पाटलानं पाहुन्याच्या बैलाले पानी पाजलं, अन् सोजरबाईच्या घरचं पोर गेलं. सांग कोन्या चावडीत दाद मांगाची तिनं?

जगदेव: मले वाटे तू राखीले आली नाही, काही रुसली असन.

कस्तुराबाई: कोन्या तोंडानं येती? तू इचारलं असतं, भाऊजी कसे हायत. मी काय सांगती?

जगदेव: अन् भाऊजी अजूनही...

कस्तुराबाई: पोळ्याचं आयक, मंग इचार. श्रावन सरला. मले वाटलं यंदा पोळा नाही भरनार, बैलच कुठी हायत? पन इंद्रभान म्हने, तोरन बांधलं नाही तं पाटलाचा मान गेला. बांधलं तोरन आखरावर, आंब्याच्या पानायचं. वाजंत्री आली. यायची जोडी मखमली झूल घालून तोरनाखाली एकटी उभी. हे फेटा बांधून बाजूले. मी पूजेचं ताट घेऊन बायामधी. अन् मंग गल्ल्यायमधून लोक याले लागले. हळूहळू. पोळ्याचं गानं, झडती, कोनी म्हनत नाही. दोघादोघाच्या खांद्यावर जू. काहीच्या आंगावर मेलेल्या बैलाची झूल. येऊन तोरनाखाली ओळीनं उभे राह्यले, जशे बैल उभे राहातात तशे. तीस-चाळीस मानसं. अन् साऱ्यायच्या मांगून सोजरबाई अन् तिची सून, एका जुवाखाली.

जगदेव: मानसं उभी राह्यली? बैलायच्या जागी?

कस्तुराबाई: हाव. वाजंत्रीवाल्यायनं आपोआप वाजवनं बंद केलं. इंद्रभान म्हने, हा काय तमाशा लावला, चाला घरी. कोनी हाललं नाही. मंग म्हातारे गोविंदसिंग बोलले. गावात त्यायचा शब्द कोनी मोडत नाही, अन् ते कोनाच्या ओट्यावर बसत नाही. म्हनले, ‘पाटील, आज पोळा हाय. यंदा ज्यायनं वावर ओढलं, ते उभे हायत. पूजा करा.’

जगदेव: मंग?

कस्तुराबाई: यायनं इंद्रभानकडे पाह्यलं. एवढं झाल्यावरही त्याच्याकडेच पाह्यलं, का आता काय बोलू. अन् इंद्रभान वाजंत्रीवाल्यायच्या मांगं सरकला. हे नुसते उभे. लोक उभे. मले नाही राहावलं. मी ताट घेऊन निंगाली. पाटलीनबाई कधी आखराच्या मधात गेली नाही, मी गेली. एकेकाच्या पायावर पानी टाकलं, जुवाले कुंकू लावलं, हातात पुरनपोळी ठेवली. कोनाकोनाच्या खांद्याचं कातडं सोललं होतं, त्याच्यावर माशा बसत. सोजरबाईच्या सुनेजवळ आली तं माह्याच्यानं ताट धरवेना. तिनंच धरलं एका हातानं. म्हनली, काकू, राहू द्या आता. मी मांगं वळून पाह्यलं तं हे नोते. नवी जोडी तिथंच सोडून घरी निंगून आलते.

जगदेव: घरी काही बोलले?

कस्तुराबाई: तवापासून माह्याशी कामापुरतं बोलतात. मी वाट पाह्यली. म्हनलं, मानसाले उशीर लागते, लागू दे. अन् आता तू येऊन सांगतं का पट भरवाचा हाय. डाग धुवाचा हाय. कायनं धुवाचा? तुह्या बैलाच्या फेसानं?

जगदेव: गावात आता बैल किती उरले?

कस्तुराबाई: बोटावर मोजावे एवढे. अन् हरभऱ्याची वेळ हाय, वावरात अजून ओल हाय. हप्ताभर थांबलं तं ओल जाईन. सोजरबाई अन् सून कालपासून वखर घासून राह्यल्या. पुन्हा जुपतीन. म्हनून अडवलं तुले. बैलं एकदा कोठ्यात गेले का ते पाटलाचे. अन् पाटलाचे झाले का इंद्रभानचे.

जगदेव: माहं डोस्कं चालत नाही बाई. ना म्हनलं तं भाऊजीचा अपमान. मी इथं जोडी द्याले आलो.

कस्तुराबाई: कोनाले द्याले?

जगदेव: म्हनजे?

कस्तुराबाई: दिवाई आठ दिवसावर हाय. भाऊबीजेले तू मले आजवर लुगडं देल्लं. यंदा लुगडं नको मले.

(वावराकडून मारोतराव पाटील येतात.)

मारोतराव: वा जगदेव, आले का? अन् बाहेर कायले बसले? गडी कुठी गेले सारे? हेच का ते बैल? वा. वा. छाती पाहा, पाय पाहा. सांगा जगदेव, हाय का असी जोडी तीन तालुक्यात?

जगदेव: बैल बरे हायत, भाऊजी.

मारोतराव: बरे हायत म्हनता? इंद्रभान म्हनला होता का पाखऱ्याची बरोबरी करतीन. खरं का नाही?

जगदेव: मी त्यायले कधी पयवलं नाही. वखराले चालतात. सरळ चालतात.

मारोतराव: पयतीन, आमच्या हाताखाली पयतीन. घ्या कोठ्यात. माघात पट भरते, तवापर्यंत ढेप अन् अंडी चारून तयार करतो. यंदा आपला पट पाहून लोक तोंडात बोटं घालतीन.

कस्तुराबाई: हे बैलं कोठ्यात नाही जात. सोजरबाईच्या वावरात जातात. तिचं झालं का गोविंदसिंगाच्या, मंग ज्याची पाळी असन त्याच्या.

मारोतराव: कोन म्हनते?

कस्तुराबाई: मी म्हनते. माहे बैलं हायत. भावानं भाऊबीज देल्ली मले.

मारोतराव: भाऊबीज अजून याची हाय. जगदेव, काय म्हनते ही? बैल आमच्यासाठी आनले का नाही तुमी?

जगदेव: आनले तवा तुमच्यासाठीच आनले होते. आता बाईले देल्ले. ओवाळनी आठ दिवस आंधी देल्ली, एवढंच.

मारोतराव: म्हनजे साळ्यानं दारात येऊन बायकोचं आयकावं, अन् पाटलानं पाहात राहावं. पाटलाच्या घरचे बैल मुंडीच्या वावरात जुपलेले पाहून लोक काय म्हनतीन, हे समजते का तुमाले?

कस्तुराबाई: लोक काही म्हनत नाही. चैतापासून तुमच्याशी कोनीच काही म्हनत नाही. तुमी रस्त्यानं जाता तं लोक राम राम करतात अन् आत जातात. ओट्यावरचे सहा बोलतात, ते तुमाले सारं गाव वाटते.

मारोतराव: कस्तुरा, पोळ्याच्या दिवशी तुले काही म्हनलं नाही मी. आज म्हनाले लावू नको.

कस्तुराबाई: म्हना. त्या दिवशीच म्हनाचं होतं. निरा मुक्यानं घरी आले तुमी. मी वाट पाह्यली, का आता बोलतीन. रागावतीन तं रागावतीन, पन सोताचं काही बोलतीन. तुमी नाही बोलले.

मारोतराव: पाखऱ्या माहाच होता. माहं नुकसान नाही झालं का?

कस्तुराबाई: झालं. तुमी त्याच्यासाठी रडले, तवा मी तुमच्यापाशी बसली होती. रूपला म्हाताऱ्यासाठी कोनी रडलं तं तुमी पाह्यलं नाही. सोजरबाईच्या सुनेसाठी कोनी रडलं तं तेही नाही.

मारोतराव: तांड्याचं नाव माह्यासामोर काढू नको.

जगदेव: मी काढतो, भाऊजी. परतीची वाट मानोऱ्यावरून करीन मी. तांडा तिकडेच गेला, हेमसिंगाचा तपास करून गाठ घेईन. धनजले माह्या वावराच्या वरती पडीत हाय, पान्याची सोय हाय. याचं असन तं या म्हनीन. तुमच्यावर काही बोट नाही दाखवत. मीही सारं सालभर त्या मानसाले नाव ठेवलं हाय.

मारोतराव: म्हनजे सारं जग शहानं अन् मारोतराव पाटील तेवढा एक मूर्ख.

कस्तुराबाई: मूर्ख असते तं राग नसता आला. तुमाले समजत होतं. हेमसिंगनं पह्यल्यांदा सांगतलं तवा तुमी पान चावनं थांबवलं होतं.

मारोतराव: इंद्रभानले बलावून आना कोनी. आता फैसला होऊन जाऊ दे.

कस्तुराबाई: तो आला तरी बैल सोजरबाईकडेच जातीन. जगदेव, सोड ते कासरे. माह्या हाती एकाचा दे. दिवस कलायच्या आंधी दोन फेरे होतीन वखराचे.

मारोतराव: मी या बैलायच्या वाटेतून हालनार नाही.

जगदेव: भाऊजी, बैल नवखे हायत, मानसाच्या आंगावरून नाही जात. थांबतीन ते, अन् आमीही थांबू. पन वावरातली ओल नाही थांबत. जरा बाजूले होता का?